कणकुंबीच्या रानात नरक्या मोजताना

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडे नरक्या हे औषधी झाड बघायला जाणार असाल तर जीपचं भाडं निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. फोनवर १८०० सांगितले, परतल्यावर ३५०० मागितले. का, तर म्हणे परवानगीचे पैसे त्यातच धरलेत. परवानगी आम्ही स्वतः वनखात्याकडून काढली होती आणि पावती खिशात होती. ती दाखवूनही अंधारात, भिजलेल्या अवस्थेत वाद घालायची ताकद उरली नव्हती. ३००० देऊन सुटलो. राग अजून गेलेला नाही.

बेळगावातला आदला दिवस छान गेला, कुंदाही घेतला. त्यावर लिहीत नाही.

जांबोटीच्या पुढे रान दाट होत जातं. कणकुंबीला माउलीचं देऊळ, तिथेच मलप्रभेचा उगम. दक्षिणेला भीमगड अभयारण्य, २०११ साली घोषित झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगमही याच डोंगरांत आहे. पावसाळ्यात इथे चालणं म्हणजे काय, हे नकाशा बघून कळत नाही.

वाटाड्या मामांनी सांगितलं होतं, "सर, अर्धा तास. आनि नरक्या चिक्कार हाय की." अडीच तास लागले. त्यातला ओढ्यापलीकडचा चढ सगळ्यात वाईट. जांभ्यावर लाल चिखलाचा लेप, धरायला फक्त वेत आणि वेताला काटे. माझा जोडीदार दोनदा घसरला, दुसऱ्या वेळी तळहात फाटला. हातमोजे न्याच. वापरून गुळगुळीत झालेल्या तळव्याच्या बुटांनी हा चढ चढू नका, खाली उतरताना तर मुळीच नाही. जळवांसाठी मामांनी काठीच्या टोकाला मीठ-तंबाखूची पुरचुंडी बांधली होती, ती आमच्या महागड्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरली.

आता ज्यासाठी गेलो ते. नरक्या हे लहानसं झाड आहे. पानं फांदीच्या टोकाकडे दाटलेली, पानाचा तळ दोन्ही बाजूंना सारखा नसतो. ऑगस्टमध्ये फिकट पिवळसर फुलं येतात आणि त्यांचा वास असा की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. कन्नडमध्येही 'दुर्वासने मर'च म्हणतात. याच्या खोडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. त्यापासून तयार झालेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं कर्करोगावर वापरली जातात. आपल्या नरक्यातही तेच द्रव्य आहे, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर सह्याद्रीत या झाडामागे कुऱ्हाड लागली.

मामांचं 'चिक्कार' खोटं नव्हतं. पहिल्याच उतारावर चोहीकडे नरक्याच दिसला. मी इतका हरखलो की मोजायचंही विसरलो. मग वीस मीटर बाय वीस मीटरची दोरी लावली आणि एकेक बघायला बसलो. ताठ उभ्या दिसणाऱ्या काठ्यांपैकी बहुतेक काठ्या जुन्या तोडलेल्या बुंध्यांतून फुटलेल्या होत्या. एका बुंध्यावर सात फुटवे. हे सात मोजायचे नाहीत, झाड एकच. इथेच लोक चुकतात. फुटवे एकत्र धरल्यावर आमचा आकडा निम्म्याखाली आला.

उरलं काय? घोट्याएवढ्या उंचीची रोपं भरपूर. मनगटाएवढ्या जाडीची झाडं जवळपास नाहीत. फुलावर आलेली जुनी झाडं दोन, तीही अवघड कड्याच्या टोकाला, जिथे कोयता पोचत नाही. निरोगी रानात रोपं खूप, मधली कमी, मोठी त्याहून कमी, अशी पायरी उतरत जाते. इथे मधली पायरीच तुटलेली होती. ही दोन झाडं गेली तर बी पडणार कुठून? फुटव्यांनी झाड जगतं हे खरं, पण ते फुलावर येईपर्यंत पुन्हा तोडलं तर उपयोग काय? आणि मुळासकट उपटलं तर तेही नाही. एका चौकोनावरून सगळ्या तालुक्याचं बोलणार नाही, पण जे पाहिलं ते हे.

"आमी न्हाई तोडत, सर. रात्रीची बाहेरची मानसं येत्यात, पिकअप घिऊन," मामा म्हणाले. बुंध्यावरची जुनी वार-खूण त्यांनी बोटाने दाखवली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मोजायला जाणाऱ्यांसाठी: घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या. उतारावर चढाकडच्या बाजूने मोजा. फुटव्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा. ओळख पटवायला पान चुरगाळा, साल खरवडू नका. एक झाड खरवडलं की पुढचा माणूस तीच जागा धरून येतो. आणि ठिकाणाचा नकाशा कुठेही टाकू नका. आमचा फोटो पाहून चौघांनी जागा विचारली, मी सांगितली नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

पावसात एका दिवसात जाऊन-येऊन व्हायचं नाही, मुक्काम धरा. फक्त झाड बघायचं असेल तर थंडीत जा, फळं काळपट जांभळी होतात तेव्हा. चढही कोरडा असेल. आम्ही डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत, त्या दोन झाडांना फळं धरली का ते बघायला. या वेळी बेळगावहून बसने. स्टँडवर चौकशी करा, चोर्ल्याकडे जाणारी बस कणकुंबीला थांबते.