ओटा, जिना आणि फरशी

आमच्या आज्जानं बेळगावात वडगावच्या तालमीत रोज शेकड्यानं जोर मारले म्हणे, आणि मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी एक सुद्धा मारता येईना. जोर म्हणजे तो अंग झोकून सापासारखा पुढं जायचा दंड, तो तर लांबच, मी आपला साधा प्रेसअप म्हणतोय. जूनमध्ये पाऊस लागला, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतलं सकाळचं फिरणं बंद झालं, म्हटलं घरातच काहीतरी करूया, आणि हॉलमध्ये पालथा पडून हात टेकले, जोर लावला तर छाती थोडी वर आली आणि पोट तिथंच. धाडकन खाली. गाल गार शहाबादी फरशीवर, आणि डोळ्यासमोर कपाटाखाली कुकरची शिट्टी! गणपतीपासनं हरवलेली. बायको म्हणाली, "अरे देवा, मी सगळं घर पालथं घालतोय हिच्यासाठी." (आमच्याकडं बायका पण 'घालतोय'च म्हणतात, पुण्याची पाहुणी आली की तिला हसू आवरत नाही.) माझ्या प्रेसअपचं कुणाला काही नाही, शिट्टीचं कौतुक.

मग एक उद्योग केला, वजनकाट्यावर दोन्ही हात ठेवून प्रेसअपच्या पोझिशनमध्ये राहिलो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर, काटा दाखवतोय बावन्नच्या आसपास. गुडघे टेकले तर चाळीस. म्हणजे दोन तृतीयांश माणूस हातानं उचलायचा, आणि आजवर या हातानं उचललं काय तर बाजारची पिशवी. तेव्हा पटलं की फरशी हे शेवटचं स्टेशन आहे, सुरुवात वरनं करायची, कारण हात जितके उंचावर तितकं त्यांच्यावर वजन कमी येतं.

पहिले पंधरा दिवस स्वैपाकाच्या ओट्यावर. आई शेजारी भाकरी थापत असायची, थापेच्या ठेक्यावर मी खालीवर, आणि मध्येच पिठाचा हात माझ्या पाठीवर मारून "कंबर सोडू नको की रे" म्हणायची. तिला कुणी शिकवलं देव जाणे, पण बरोबर होतं, टाचेपासनं डोक्यापर्यंत अंग फळीसारखं राहायला पाहिजे आणि कोपरं बाहेर पंखासारखी फाकायची नाहीत, थोडी अंगाकडं. ओट्यावर सलग पंधरा झाले तसा जिन्यावर गेलो. आमचा जिना हे असलं व्यायामाचं नामी साधन आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, पाचव्या पायरीवर हात, जमलं की चौथ्या, मग तिसऱ्या. दुसऱ्या पायरीवर तीन आठवडे अडकलो. गुडघे टेकून करण्यापेक्षा मला हे बरं वाटलं, कारण यात अंग अख्खंच राहतं, गुडघ्याच्या प्रकारात माझी कंबर आपली सुट्टीवर.

अडकलो तेव्हा दुसरी युक्ती केली. फरशीवर हात सरळ ठेवून सुरू करायचं आणि पाच मोजत नुसतं खाली यायचं, उठताना गुडघे टेकून उठायचं. जे वजन ढकलता येत नाही ते सावकाश उतरवता येतं, जड पोतं खांद्यावर चढवायला दोघं लागतात पण उतरवताना एकटा पुरतो, तसंच. एक दिवस सोडून एक दिवस, रोज नाही, रोज केलं तर मनगटं बोंबलतात.

गौरीच्या आदल्या दिवशी सकाळी, घरात कुणी उठायच्या आत, फरशीवर नाक टेकेस्तोवर खाली गेलो आणि थरथरत, दात खात, पण गुडघे न टेकता वर आलो. एक. दुसऱ्याला अर्ध्यात हात थरारले आणि पुन्हा गाल फरशीवर. आवाजानं बायको उठून आली, दारात उभी राहून डोळे चोळत म्हणाली, "काय रे, आज काय सापडलं?"