तुम्ही विचारलेत म्हणून : शेवट ठाऊक असूनही ‘ब्रेकडाउन’ पुन्हा का पाहावा?

रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते : रहस्यकथेचा शेवट एकदा कळल्यावर तिच्यात उरतेच काय, आणि मग त्याच्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतला तोच एक भाग तुम्ही पुन्हा पुन्हा का पाहता? हा भाग म्हणजे ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’च्या पहिल्या पर्वातला ‘ब्रेकडाउन’. उत्तर द्यायचे तर त्याचा शेवटही सांगावा लागेल, आणि तो सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५५ रोजी ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासात एक स्वतंत्र कथा संपवायची आणि तिच्या आगेमागे स्वतः हिचकॉकने पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, अशी तिची रचना होती. बहुतेक भाग इतरांनी दिग्दर्शित केले. १३ नोव्हेंबर १९५५ रोजी दाखवलेला ‘ब्रेकडाउन’ मात्र खुद्द हिचकॉकचा आहे. लुई पोलॉकच्या कथेवर तो बेतलेला असून त्यात जोसेफ कॉटनने विल्यम कॅलू या धनाढ्य, करारी व्यावसायिकाचे काम केले आहे.

कॅलू फ्लोरिडात सुट्टी घालवत असताना त्याने कामावरून काढलेल्या एका जुन्या माणसाचा फोन येतो. तो माणूस गयावया करतो, बोलता बोलता रडू लागतो, आणि पुरुषमाणसाने असे रडावे याची कॅलूला शिसारी येते. पुढे परतीच्या वाटेवर, कैद्यांकडून रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणी त्याच्या मोटारीला भीषण अपघात होतो. तो शुद्धीवर येतो तेव्हा सुकाणूचक्र छातीवर रुतलेले असते, डोळे उघडे असतात, ऐकू सगळे येत असते, पण शरीराचा एकही स्नायू हलत नसतो. जो येतो तो त्याला मेलेला समजतो.

इथून पुढे हिचकॉकने जे केले आहे ते मला थक्क करते. हालचाल हाच ज्या माध्यमाचा प्राण, त्या माध्यमात त्याने नायकाची हालचालच काढून घेतली. पडदाभर कॉटनचा चेहरा दिसतो, आणि तो इतका निश्चल असतो की आपण चलच्चित्र पाहतो आहोत की एखादे छायाचित्र, असा प्रश्न पडावा. पापणी लवत नाही, ओठ हलत नाहीत. त्या निर्जीव चेहऱ्यामागून त्याचा आवाज मात्र अखंड चालू राहतो. हा आवाज आक्रोश करत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. हिशेबी माणसाच्या सवयीप्रमाणे तो परिस्थितीचा अंदाज घेतो, उपाय शोधतो, स्वतःला धीर देतो आणि समोरच्याच्या मूर्खपणावर वैतागतो.

पहिल्यांदा पाहताना तो वाचेल की नाही, या एकाच काळजीत आपण असतो, आणि त्या काळजीपायी भोवतालच्या माणसांकडे आपले दुर्लक्ष होते. दुसऱ्यांदा ती काळजी उरत नाही आणि नजर त्या माणसांवर जाते. पळालेल्या कैद्यांना वेशांतरासाठी कपडे हवे असतात, म्हणून ते त्याचे कपडे काढून नेतात. त्याबरोबर त्याची ओळखही जाते. पुढे येणाऱ्या सरकारी माणसांना प्रेत हलवून काम उरकायचे असते. त्यांच्यात दुष्ट म्हणावा असा कोणीही नाही. प्रत्येक जण अगदी जवळ येतो, त्याच्या उघड्या डोळ्यांत पाहतो, आणि आपल्या कामापुरतेच तेवढे पाहून निघून जातो. मधल्या काळात एक बोट हलते आहे, हे कॅलूच्या लक्षात येते. त्या बोटाने तो टकटक करू लागतो, पण भोवतालच्या गोंगाटात ती कोणाला ऐकू जात नाही, आणि शवागारात ठेवताना तोच हात अंगाखाली दबतो. शेवट माहीत असूनही या क्षणी माझा श्वास अडकतो. किंबहुना, सुटकेची वाट कुठली हे ठाऊक असल्यामुळेच एकेक वाट बंद होताना जास्त जाचते.

शिवाय दुसऱ्या वेळी तो फोन निराळाच ऐकू येतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत माणूस विनवण्या करत असतो, त्या विनवण्या कॅलूच्या कानावर स्पष्ट पडत असतात, आणि तरी त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पुढे कॅलूच्या वाट्याला जे येते, ते त्याने काही मिनिटांपूर्वी स्वतःच केलेले असते. पहिल्या खेपेला हा प्रसंग केवळ पात्राची ओळख करून देण्यासाठी आहे असे वाटते. सगळी कथा त्यात आधीच घडून गेली आहे, हे नंतर ध्यानात येते.

शवागारातल्या रात्री त्याचा धीर सुटतो. पुढे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना त्या मृत मानलेल्या चेहऱ्यावर अश्रू दिसतो आणि कॅलू वाचतो. रडणाऱ्याचा तिटकारा करणाऱ्याला रडण्यानेच वाचवले, एवढेच अनेकांच्या लक्षात राहते आणि त्यावरून ही बोधकथा ठरवली जाते. मला ते पटत नाही. हा अश्रू पश्चात्तापाचा नाही. आपण एका माणसाला कसे वागवले, याचा विचार त्या आवाजात शेवटपर्यंत कुठेही ठळकपणे येत नाही. तो रडतो ते निव्वळ भीतीने, असहायतेने. हिचकॉकने त्याच्या तोंडी कबुलीजबाब घातला नाही, हा मला या भागाचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा वाटतो. अश्रू दिसल्यावर कथा तिथेच थांबते. बरा झाल्यावर कॅलू त्या माणसाला परत कामावर घेईल का, त्याची त्याला आठवण तरी होईल का, याबद्दल तिथे अवाक्षरही नाही, आणि इतक्यांदा पाहूनही माझे त्याबाबतचे मत दर वेळी बदलते.