तारिफ्याहून टँजिअरला: चौदा किलोमीटर समुद्र आणि बाकी सगळी कागदपत्रे

स्पेनच्या व्हिसाच्या अर्जात ‘किती वेळा प्रवेश हवा’ असा एक प्रश्न असतो आणि त्यापुढे एक, दोन आणि अनेक अशा तीन चौकटी असतात. आमच्या एजंटने त्यातल्या ‘एक’वर खूण करून अर्ज सहीसाठी पाठवला होता. ताई बँकेतून निवृत्त झालेली असल्यामुळे ती कोणत्याही कागदावर पहिल्या ओळीपासून वाचल्याशिवाय सही करत नाही. तिने ती खूण पाहिली नसती, तर मार्च २०२४ मधला आमचा अंदालुसिया (दक्षिण स्पेन) आणि उत्तर मोरोक्कोचा प्रवास टँजिअरच्या बंदरावरच अडकला असता.

अडचण अशी, की दक्षिण स्पेनमधून मोरोक्कोला जाणे म्हणजे नुसते बोटीने पलीकडे जाऊन येणे नव्हे, तर शेंगेन क्षेत्र, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट, सोडणे आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा त्या क्षणी संपतो, मग त्यातले कितीही दिवस शिल्लक असोत. सेउता हे शहर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असूनही स्पेनचेच असल्यामुळे तिथवर गेल्याने काही बिघडत नाही, पण सेउताची हद्द ओलांडून मोरोक्कोत पाऊल टाकले की तोच नियम लागू होतो. एजंटला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, अनेक प्रवेश मागितले की उगाच शंका घेतात.” ताईने त्याला शांतपणे सांगितले, “शंका घेऊ देत, उत्तर आपल्याकडे आहे,” आणि अर्ज नव्याने भरून घेतला. सोबतच्या पत्रात आम्ही स्पेनमध्ये येण्याची, बोटीने बाहेर पडण्याची, परत येण्याची आणि शेवटी मायदेशी निघण्याची अशा चारही तारखा लिहिल्या. त्याला येण्याजाण्याच्या बोटीचे आरक्षण, टँजिअरच्या हॉटेलचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा विमा जोडला. विमा घेताना तो मोरोक्कोतही चालेल असा निवडला. त्या वेळी व्हिसाचे शुल्क ८० युरो होते. पासपोर्ट परत आला तेव्हा ताईने स्वतःच्या फोटोकडेही न बघता आधी ‘मल्ट’, म्हणजे ‘अनेक प्रवेश’, हा शब्द शोधला. मुक्कामाचे दिवस वीस दिलेले होते.

मोरोक्कोचे काम त्या मानाने सोपे निघाले. त्यांचा ई-व्हिसा घरबसल्या संगणकावरून काढता येतो. तेव्हा साध्या प्रक्रियेचे शुल्क ७७० दिरहम होते, व्हिसा हाती येण्याची मुदत ७२ तासांची आणि मुक्कामाची परवानगी एका प्रवेशासाठी तीस दिवसांपर्यंत. त्याच्या दोन-दोन छापील प्रती आम्ही वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्या, आणि ते बरे झाले, कारण बोटीच्या खिडकीवरच्या मुलीला मोबाइलवरचा व्हिसा चालेना. तिला कागदच हवा होता.

स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर रुंद आहे आणि स्पेनच्या दक्षिण टोकावरच्या तारिफ्याची जलद बोट टँजिअर शहराच्या जुन्या बंदरात तासाभरात पोहोचते. तारिफा हे नाव ७१० साली इथे उतरलेल्या तारिफ इब्न मलिकवरून पडले आहे, आणि पुढच्याच वर्षी फौज घेऊन आलेल्या सेनापती तारिकचे नाव जिब्राल्टरमध्ये, म्हणजे ‘जबल तारिक’मध्ये, शिल्लक आहे. आम्हाला मात्र २८ मार्चला तारिफ्यातून निघताच आले नाही. वाऱ्यामुळे बंदर बंद होते, आणि तारिफ्यात ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की खिडकीमागच्या मुलीने मान वर न करता आमच्या तिकिटावर नवा शिक्का मारला व बाहेर उभ्या असलेल्या बसकडे बोट दाखवले. बस आम्हाला वीस-बावीस किलोमीटरवरच्या आल्हेसिरासला घेऊन गेली. तिथल्या मोठ्या बोटी बऱ्याच अधिक वाऱ्यात चालतात, परंतु त्या टँजिअर शहरात न जाता शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला असलेल्या टँजिअर मेद या बंदरात लागतात. ज्यांचे पुढचे आरक्षण टँजिअर शहरातून असेल त्यांनी हा फरक आधीच हिशेबात धरावा. आम्ही धरला नव्हता, आणि रात्री टॅक्सीवाल्याशी घासाघीस करताना तो आठवला.

आल्हेसिरासला स्पॅनिश पोलिसांनी बाहेर पडल्याचा शिक्का मारला. मोरोक्कोत शिरल्याचा शिक्का मात्र बोटीवरच घ्यायचा असतो, ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही खिडकीजवळची जागा धरून बसलो होतो. निम्मी बोट एका कोपऱ्यात रांग लावून उभी आहे हे ताईच्या लक्षात आले. “अगं, ही चहाची रांग नाही, उठ,” ती म्हणाली. उपाहारगृहाच्या पलीकडे, जमिनीला पक्के बसवलेल्या एका छोट्या टेबलामागे मोरोक्कोचे पोलीस अधिकारी संगणक घेऊन बसले होते. बोट कलली की सगळी रांग एका बाजूला झुकायची आणि पुढचा माणूस टेबलाची कड धरायचा. अधिकाऱ्यांनी आमचे छापील व्हिसे दोनदा वाचले, “हिंद?” एवढेच विचारले आणि शिक्का मारून त्याजवळ अक्षरे व आकडे असलेला एक क्रमांक उमटवला. हा क्रमांक पुढे प्रत्येक हॉटेलच्या नोंदणीपत्रकात लिहावा लागतो, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवणे सोयीचे. ज्यांनी रांग लावली नव्हती ते बोट धक्क्याला लागल्यावरही टेबलापाशीच ताटकळत होते, आणि आम्ही उतरलो.

रमजान चालू असल्यामुळे दिवसा बहुतेक चहाची दुकाने बंद असत, पण सूर्यास्ताच्या सुमारास सगळे शहर एकदम हरीराच्या वाडग्यावर बसे. हरीरा म्हणजे टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचे दाट सूप. त्यात बहुधा मांस असते, त्यामुळे शाकाहारी माणसाने विचारूनच घ्यावे. सोबत मधात बुडवून तीळ लावलेली चेबाकिया येते, आणि तळलेल्या पाकळ्यांच्या त्या घडीला ताईने पहिल्याच घासाला ‘मधातला चिरोटा’ म्हणून टाकले. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३०४ साली याच शहरात जन्मला आणि पुढे दौलताबाद व नंदुरबारपर्यंत येऊन गेला. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर मदिनेच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, गल्लीत आहे, ती आम्ही शोधून पाहिली.

आता माझ्या चुकीबद्दल. मोरोक्को वर्षभर एकच वेळ पाळतो, फक्त रमजानपुरते घड्याळ एक तास मागे घेतो. आम्ही गेलो तेव्हा स्पेन एक तास पुढे होता, तेवढे मी ध्यानात ठेवले होते. परंतु ३१ मार्चला युरोपची उन्हाळी वेळ सुरू झाली आणि फरक दोन तासांचा झाला. त्या सकाळी खोलीत माझ्या फोनवर आठ वाजले होते आणि ताईच्या फोनवर, जो समुद्रापलीकडच्या स्पॅनिश नेटवर्कवर गेला होता, दहा. आम्ही हसून तिचा फोन बिघडला असे ठरवले. त्यामुळे ३ एप्रिलला दुपारी तीनच्या बोटीने, या वेळी थेट टँजिअर शहरातून, निघालो तेव्हा पाचला पोहोचू या हिशेबाने मी साडेपाचची सेव्हिलची बस आरक्षित केली होती. तिकिटावर पोहोचण्याची वेळ सहा अशी स्वच्छ छापलेली होती. तासाभराच्या जलप्रवासात घड्याळाचे तीन तास गेले.

तारिफ्याच्या टेबलावर मात्र काहीच अडले नाही. पोलिसाने व्हिसाचे पान उघडले, ‘मल्ट’वर अंगठा ठेवला, मग मागचे शिक्के पाहून बोटांवर दिवस मोजले. आम्ही स्पेनमध्ये २० मार्चला आलो होतो. आल्या आणि निघाल्याचे दोन्ही दिवस मुक्कामात धरतात, त्यामुळे २८ मार्चपर्यंतचे नऊ दिवस खर्ची पडले होते. २९ मार्च ते २ एप्रिल हे मधले पाच दिवस आम्ही बाहेर असल्यामुळे मोजायचे नव्हते. ९ एप्रिलच्या परतीच्या विमानापर्यंत एकूण सोळा होत होते. त्याने मान हलवली आणि बाणाचे व छोट्या बोटीचे चित्र असलेला शिक्का मारला.

बाहेर आलो तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. बस केव्हाच गेलेली होती, आणि ताई तिकीट उलटे धरून त्यावरची बारीक अक्षरे वाचत होती.