‘सळई वाढवावी’

काँक्रीट रस्त्याच्या तांत्रिक मान्यतेसाठी दिलेली आमची फाइल तीनदा परत आली. तिन्ही वेळा शेरा एकच: ‘स्लॅबचे डिफ्लेक्शन जास्त, सळई वाढवावी.’ डिफ्लेक्शन म्हणजे चाकाच्या भाराखाली स्लॅब किती दबतो ते. काळी माती, २५० मिमी स्लॅब, एम-४० (ताकदीची प्रत) काँक्रीट, १० मिमी सळईची १५० मिमी अंतराची जाळी. अंदाजपत्रक, वाहनगणना, सांध्यांचे नकाशे यांवर कुणी चकार शब्द काढला नाही.

रस्त्याचा स्लॅब म्हणजे घराचा स्लॅब नव्हे, हे पटवण्यातच सगळा वेळ गेला. घरातला स्लॅब तुळयांवर टेकतो, मधला भाग अधांतरी, म्हणून ताण खालची सळई घेते. रस्त्याचा स्लॅब सगळीकडून जमिनीवर बसलेला असतो आणि तडा जाईपर्यंत वाकणं रोखतं ते काँक्रीटच. आमची जाळी छेदाच्या ०.२१ टक्के, वरून ७५ मिमी खोल. तिने ताठपणात भर पडते जेमतेम अर्धा टक्का. कडेवर ५ टनांचं चाक आलं तर हिशोबाने स्लॅब ०.४४ मिमी दबतो. जाळी १२ मिमीची केली तरी त्यातले ०.००२ मिमीसुद्धा वाचत नाहीत. पैसे मात्र पुरेपूर लागतात! जाळीचं काम पडलेला तडा मिटलेला ठेवणं. म्हणून ती वरच्या भागात असते आणि डॉवेलच्या, म्हणजे शेजारच्या दोन स्लॅबना जोडणाऱ्या गजांच्या, सांध्याशी तोडतात. दुसऱ्या फेरीत ‘सळई खालच्या बाजूस घ्यावी’ असंही आलं. त्याला उत्तर लिहिताना पेन दोनदा खाली ठेवावं लागलं.

डिफ्लेक्शन खरं कशाने बदलतं, ते वेस्टरगार्ड या अभियंत्याच्या १९२६ च्या सूत्रांत आहे. पहिलं म्हणजे चाकाची जागा: तेच चाक स्लॅबच्या मध्यावर ०.१३ मिमी, कडेला ०.४४, मोकळ्या कोपऱ्यावर ०.९१. जाडी २५० ची ३०० केली तर डिफ्लेक्शन २४ टक्क्यांनी उतरतं. एम-४० चं एम-५० केलं तर जेमतेम ५ टक्के. आणि जमिनीचा आधार, म्हणजे दाबाला ती किती ताठ हे सांगणारं के-मूल्य, निम्मं झालं तर ४१ टक्के वाढ.

ही आकडेमोड तिसऱ्या उत्तरासाठी करताना आमचंच बिंग फुटलं. आराखड्यात के ६० मेगापास्कल प्रति मीटर धरलं होतं, तेही प्रयोगशाळेच्या अहवालावरून. के मोजतात ते जमिनीवर गोल प्लेट दाबून. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: प्लेटचा व्यास ३०० मिमी. आराखड्याला लागतं ७५० मिमी प्लेटचं मूल्य. लहान प्लेट वरचाच थर दाबते, म्हणून आकडा फुगतो. ३०० च्या प्लेटचा आकडा सुमारे ०.४४ ने गुणायचा. म्हणजे खरं के २६. कड ०.४४ वरून ०.६७ वर, कोपरा १.४३ वर. तीन फेऱ्या सळईवर वाद घातला, आणि ही चूक ना छाननीत सापडली ना आधी आम्हाला. त्यात चाचणी मे महिन्यातली, काळी माती दगडासारखी कडक असतानाची. भिजलेल्या आणि न भिजलेल्या नमुन्यांच्या गुणोत्तराने आकडा आणखी खाली आणावा लागतो, तेही राहिलं होतं.

मग मुरमाची भर घेऊन भिजलेलं के २८ पर्यंत आणलं आणि वर १५० मिमी डीएलसी, म्हणजे स्लॅबखालचा कमी सिमेंटचा कोरडा काँक्रीट थर, धरली. आयआरसी ५८ (इंडियन रोड्स काँग्रेसची काँक्रीट रस्त्यांच्या आराखड्याची संहिता) च्या तक्त्याप्रमाणे परिणामी के १३८ होतं, कडेचं डिफ्लेक्शन ०.२९. चौथ्या फेरीत फाइल पास झाली, जाळी १० मिमीचीच. उत्तरासोबत आकडेमोडीचं एकच पान जोडलं होतं. आधीच्या दोन उत्तरांत नुसतं गद्य होतं, ही आमची चूक.

सांध्यांचं राहिलंच. डॉवेल तिरके बसले किंवा अर्ध्याहून अधिक लांबीला आवरण चढवायचं राहिलं तर सांधा अडकतो, शेजारी तडा जातो आणि भार पलीकडच्या स्लॅबकडे नीट जात नाही. डॉवेल चांगले असतील तर सांध्यावरचं डिफ्लेक्शन जवळपास निम्म्यावर येतं.

प्रत्यक्ष मोजणार असाल तर डायल गेजच्या पट्टीचे पाय स्लॅबबाहेर, लांब टेकवा. नाहीतर पट्टीही स्लॅबबरोबर दबते. कोपरा पहाटे मोजा: रात्री वरचा पृष्ठभाग थंड होतो, कोपरे उचलले जातात, तेव्हा वाचन सर्वात जास्त येतं. दुपारच्या आकड्यावर खूश होऊ नका.