सीआरपी चाचणी: जांभळ्या रंगाचं मूळ सापडलं, दोष बफरमधल्या मिठाचा

सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असताना रक्तात वाढणारं प्रोटीन, ओळखण्यासाठी सोन्याच्या सूक्ष्म कणांना अँटिबॉडी जोडायची आहे; आतापर्यंत कण एकमेकांना चिकटून लाल मिश्रण जांभळं होत होतं. अखेर कॉन्जुगेट (कण आणि अँटिबॉडीची जोडी) लाल राहिलं! १३ नॅनोमीटरच्या सायट्रेट-सोन्याचा पीक (सर्वाधिक शोषणाची तरंगलांबी) अँटी-सीआरपी अँटिबॉडी जोडल्यावर ५२० वरून ५२४ नॅनोमीटरवर आला आणि मीठ घातल्यावरही तिथेच ठाम राहिला. हा चार नॅनोमीटरचा सरक फार मोलाचा, कारण कणांवर प्रोटीनचा थर बसल्याची ती खूण.

मागच्या नोंदीत संशय पीएचवर होता, पण पोटॅशियम कार्बोनेटने तो ९ वर नेऊनही मिश्रण जांभळं होत राहिलं. (पीएच पट्टीनेच पाहा, उघडं सोनं इलेक्ट्रोडचं छिद्र बुजवतं.) उलगडा झाला तो कंट्रोलमुळे. अँटिबॉडी न घालता नुसतं पीबीएस (फॉस्फेटचा खारट बफर) टाकलं, तरी रंग तोच. अँटिबॉडी पीबीएसमध्येच ०.०२५ मिग्रॅ/मिली इतकी विरळ केली होती, त्यामुळे १ मिली सोन्याला १० मायक्रोग्रॅम द्यायचे तर ४०० मायक्रोलिटर लागत. म्हणजे मिश्रणात सुमारे ४३ मिलिमोलर मीठ. एवढ्या मिठात कणांमधल्या विद्युत अपकर्षणाची पोच जेमतेम दीड नॅनोमीटर उरते, आणि अँटिबॉडी चिकटण्याआधीच कण एकमेकांना चिकटतात.

उपाय: ३० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरवर २ मिलिमोलर बोरेट बफरने तीनदा धुणं, दर वेळी दहापट विरळ करून. पुढची विरळणीही बोरेटमध्येच. मग वेगवेगळ्या डोसची नेहमीची मालिका: १०० मायक्रोलिटर सोनं, १० मायक्रोलिटर अँटिबॉडी, दहा मिनिटं, त्यावर १०% मीठ १० मायक्रोलिटर, पुन्हा दहा मिनिटं. मीठ घातल्यावरही ६२० आणि ५२० वरच्या शोषणाचं गुणोत्तर ज्या डोसपासून वाढत नाही, तो किमान डोस. त्यापेक्षा थोडा जास्त घ्यायचा, मग कणांवरची उरलेली जागा झाकायला १% बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन).

हे शोषण मोजायच्या वेबकॅम-स्पेक्ट्रोमीटरबाबत मत ठाम आहे: प्रकाशाचे रंग वेगळे करायला डीव्हीडीच्या तुकड्यापेक्षा १००० रेषा/मिमीची ग्रेटिंग फिल्म घ्या. डीव्हीडीचे ट्रॅक वक्र असल्याने रेषा वाकतात. सीएफएल दिव्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरच्या रेषांवर कॅलिब्रेशन नीट बसतं. वेबकॅमचं ऑटो-एक्स्पोजर बंद नसेल तर गुणोत्तराला काही अर्थ नाही.

आता शुद्ध सीआरपी बफरमध्ये घालायचं. त्याचे पाच उपघटक एकसारखे, म्हणून एकच मोनोक्लोनल (एकाच ठरावीक जागी चिकटणारी अँटिबॉडी) कणांना एकमेकांशी जोडू शकते. पण सीआरपी अति झालं की प्रत्येक कण झाकला जातो आणि सिग्नल उलट पडतो. मालिका रुंद हवी. बेत शेवटचं गुणोत्तर मोजायचा होता, पण हे लिहिताना वाटतंय की दर ३० सेकंदांनी मोजून सुरुवातीचा चढ घ्यावा. बीएसए-कंट्रोलच्या संथ चढापेक्षा तो वेगळा दिसायला हवा. तेच आधी करून पाहायचं.