विझर्ड, तीन पानी फॉर्म आणि माझे वाया गेलेले दोन आठवडे

डंजन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डीअँडडी) खेळायला लागून आता बरीच वर्षं झाली, मधे इतरही टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन फाशांनी खेळायचे गोष्टीचे खेळ, खेळून झाले, पण कुणी नवीन माणूस "मी पहिल्यांदाच खेळतोय, विझर्ड घेऊ का?" असं विचारतो ना, तेव्हा अजून माझ्या पोटात गोळा येतो. कारण विझर्ड, म्हणजे जादूगार, मी घेतला होता.

कॅरॅक्टर, म्हणजे आपलं पात्र, बनवणं म्हणजे शेवटी फॉर्म भरणंच. या फॉर्मला शीट म्हणतात, आणि पाचव्या आवृत्तीचं, म्हणजे २०१४ वालं शीट तीन पानी आहे. नाव, वंश, क्लास (पात्राचा पेशा) हे सगळं एका बैठकीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हाय एल्फ, विझर्ड, १५-१४-१३-१२-१०-८ हे ठरलेले सहा आकडे बुद्धीसारख्या सहा गुणांत आपल्याला हवे तसे वाटून टाकायचे, वंशाचे बोनस मिळवायचे, झालं. (चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायचा असाही पर्याय असतो, पहिल्या खेळाला त्या वाटेला जाऊ नका, शेजारच्याला १८ आणि आपल्याला ७ आला की उरलेले सगळे सेशन (खेळाच्या बैठकी) तोंड पाडून बसावं लागतं.)

पहिली ठेच पहिल्याच पानावर. प्रत्येक गुणासाठी एक मोठा चौकोन आणि त्याखाली एक छोटा लंबगोल, आणि आकडेही दोन, मूळ गुण आणि मॉडिफायर. खेळताना फाशात मिळवायचा असतो तो मॉडिफायर. गुणातून १० वजा करायचे, उरलेल्याचं निम्मं, अपूर्णांक आला तर खाली उतरायचं. म्हणजे माझी बुद्धी १६, तर मॉडिफायर +३. मी सगळीकडे १६ लिहून मोकळी. पहिल्याच सेशनला डीएमने (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) एका जुन्या ताम्रपटावरची खूण ओळखायला सांगितली, मी वीस बाजूंचा फासा टाकला, १४ आले, आणि मी ऐटीत म्हटलं, "तीस!" टेबलावर शांतता. पुस्तकात ३० म्हणजे जवळजवळ अशक्य कामाचा आकडा आहे. डीएम म्हणाला, "अगं, तू ताम्रपट वाचतेयस की लिहितेयस?" तेव्हापासून मी मोठ्या चौकोनात मॉडिफायर लिहिते आणि मूळ गुण खाली लंबगोलात कोंबते. तुम्हीही तसंच करा, खेळताना नजर आधी मोठ्या आकड्यावरच जाते.

पण खरा घोळ तिसऱ्या पानावर. तिसरं पान फक्त स्पेल्सचं, म्हणजे जादूच्या मंत्रांचं.

या खेळात 'लेव्हल' हा शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलाय आणि हे ज्याने ठरवलं त्याच्याशी मला एकदा बसून बोलायचंय. तुमच्या कॅरॅक्टरची लेव्हल (खेळत जाल तशी वाढते ती) वेगळी आणि स्पेलची लेव्हल वेगळी, आणि दोन्ही जुळत नाहीत. विझर्ड पाचव्या लेव्हलला पोचला की त्याला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळतात. मी शीटवर नऊ लेव्हलचे रकाने बघितले आणि समजले की पहिला रकाना आत्ता, दुसऱ्या लेव्हलला दुसरा, असं चढत जायचं. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे दोन महिन्यांत फायरबॉल! शत्रूला किती इजा झाली त्यासाठी ८ सहा-बाजूंचे फासे एकदम टाकायची स्वप्नं बघत होते मी.

त्यावर आणखी तीन आकडे. पहिल्या लेव्हलच्या विझर्डच्या स्पेलबुकात ६ स्पेल, त्यातले रोज तयार ठेवायचे बुद्धीचा मॉडिफायर अधिक लेव्हल एवढे, म्हणजे माझे ४, आणि स्लॉट २. सहा, चार, दोन. कशाचा कशाशी संबंध ते कळेना. आमच्या ग्रुपात एक काका होते, जुन्या आवृत्त्या कोळून प्यालेले, त्यांना विचारलं. त्यांनी फार प्रेमाने समजावलं की सकाळीच ठरवायचं कुठल्या स्लॉटमधे कुठला स्पेल भरायचा, वापरला की तो गेला, तोच दोनदा हवा तर दोनदा भरायचा. मी तसं भरलं. एका स्लॉटमधे स्लीप, एकात मॅजिक मिसाइल. मग चार तयार कशाला करायचे? काका म्हणाले, "ते बघू नंतर."

शीटचा फोटो डीएमला पाठवला, दोन दिवसांनी उत्तर आलं, "स्पेलचं पान चुकलंय, परत भर." काय चुकलंय ते नाही. परत भरलं, यावेळी दोन स्लॉट म्हणजे दोनच स्पेल तयार असं धरून. परत तीन दिवस. "अजून चुकलंय." पेनाने लिहिलेलं होतं, म्हणून नवीन प्रिंट. (पेन्सिलनेच लिहा. हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय तो आकडा, तर दर पाच मिनिटांनी खोडावे लागतात.) तिसऱ्यांदा मी चिडून सगळे सहाच्या सहा लिहिले आणि खाली "आता तूच बघ" असं लिहून पाठवलं. त्यावर अंगठा आला. बरोबर म्हणून अंगठा की वाचलं म्हणून अंगठा, देव जाणे.

शेवटी सुटलं ते दुसऱ्या सेशनच्या आधी पंधरा मिनिटांत, समोरासमोर बसून. डीएमने माझ्यापुढे दोन फासे ठेवले. म्हणाला, हे तुझे स्लॉट, ही तिकिटं समज. चार स्पेल तुझ्या डोक्यात तयार आहेत, त्यातला कुठलाही टाक, दरवेळी एक तिकीट मला दे. एकच स्पेल दोनदा टाकलास तरी चालेल. लाँग रेस्ट घेतलीस, आठ तास, की तिकिटं परत. कॅन्ट्रिपला, म्हणजे साध्या छोट्या स्पेलला, तिकीट लागत नाही, दिवसभर टाकत बस. एवढंच! माझे दोन आठवडे एवढ्यासाठी गेले! काकांचं चुकलं नव्हतं, ते तिसऱ्या आवृत्तीचा नियम सांगत होते, त्यात खरंच तसं होतं. म्हणून कुणाला काही विचारायच्या आधी "कुठली आवृत्ती?" हे विचारा. २०२४ च्या सुधारित नियमांत तर किती स्पेल तयार ठेवायचे तो आकडा सरळ तक्त्यात छापलाय, बेरीज-बिरीज काही नाही. आमच्या वेळी असतं तर.

आणि हो, आर्केन रिकव्हरी. पहिल्या लेव्हलच्या विझर्डलाही दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) एक स्लॉट परत मिळतो. हे मला तिसऱ्या सेशनला कळलं, मी दोन सेशन कोपऱ्यात बसून फायर बोल्ट ही कॅन्ट्रिप मारत होते.

तिसऱ्याच सेशनला माझी विझर्ड गेली. हिट पॉइंट सगळे मिळून ७, त्यातले ३ उरलेले, एका बगबेअर नावाच्या राक्षसाचा फाशावर वीस आला, म्हणजे जबरदस्त फटका, आणि १६ डॅमेज. शून्याच्या खाली १३ गेले, म्हणजे आपल्या कमाल आकड्याच्या वर, अशा वेळी बेशुद्ध पडणं वगैरे नाही, थेट मरण. काका हसत म्हणाले, नशीब समज, १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात फॉर्म भरता भरताच कॅरॅक्टर मरायचं. ते खरं आहे, नोकरीच्या प्रत्येक टप्प्याला जगलास का म्हणून फासे टाकायचे.

त्यानंतर मी काही महिने लांबच होते, मग हळूहळू दुसरे खेळ सापडले. लेझर्स अँड फीलिंग्जमधे कॅरॅक्टरला आकडा एकच, २ ते ५ मधला. मोठा घेतला की यंत्रं आणि डोकं चांगलं चालतं, छोटा घेतला की माणसं चांगली कळतात. नियम एका पानात, दहा मिनिटांत खेळ सुरू. कुणाला पहिल्यांदा बसवायचं असेल तर मी यावरच बसवते. कॉल ऑफ कथुलू माझा सगळ्यात लाडका, कारण कौशल्य ४५ लिहिलंय म्हणजे शंभरात ४५ किंवा कमी आले की जमलं, मॉडिफायरची वजाबाकी नाही. तिथे मरता येतं, वेडंही होता येतं, पण निदान का ते कळतं.

डीअँडडीला परत गेले तेव्हा फायटर, म्हणजे साधा लढवय्या, घेतला. चाळीस मिनिटांत शीट तयार, कुणाला फोटो पाठवला नाही. तिसरं पान कोरंच आहे, त्याच्या पाठीवर मी गुहांचे नकाशे काढते.