कोनमापक

अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोनच दिवसांनी केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून मी पडलो आणि गुडघ्याच्या सांध्यात, जिथे मांडीचे हाड नडगीवर टेकते, तिथला नडगीचा पसरट माथा दुभंगला. जळगावला शस्त्रक्रिया झाली, पट्टी आणि स्क्रू बसले. दवाखान्यातल्या दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. खरी गोष्ट चोपड्याकडच्या आमच्या घरी, ओट्याच्या तीन पायऱ्यांपाशी सुरू झाली.

दहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नव्हता. नडगीचा तो माथा आतून जाळीदार असतो आणि घाईने वजन दिले तर जुळवलेला पृष्ठभाग पुन्हा खचू शकतो, हे डॉक्टरांनी नीट समजावले होते. तरीही न दुखणारा पाय जमिनीपासून अधांतरी धरून वॉकरवर लंगडी घालताना माणसाला आपण उगाचच सोंग करीत आहोत असे वाटते. मांडीचा पुढचा स्नायू मात्र वाट पाहत नाही. तीन आठवड्यांत माझी उजवी मांडी डावीपेक्षा इतकी बारीक झाली, की लेंग्याचा एकच पाय फडफडू लागला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा अंक मोजायचे, या वरकरणी पोरकट व्यायामाने त्याला जागे ठेवावे लागले.

तीस वर्षे मी मुलांना भूमिती शिकवली. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट मुलीने लांब दांड्यांचा कोनमापक माझ्याच गुडघ्याला लावला, तेव्हा मला हसू आले. ‘‘काका, आज बासष्ट.’’ सपाट रस्त्यावर चालायला साधारण 60 ते 70 अंश पुरतात, जिना उतरायला 90च्या आसपास लागतात आणि उकिडवे बसायचे तर 130 च्याही पुढे जावे लागते, असे तिने सांगितले. म्हणजे शहरातल्या सपाट, खुर्चीवाल्या घरात मी बराचसा बरा ठरलो असतो. पाट, चूल, ओटा आणि शेताचा बांध असलेल्या घरात नाही. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा, हा नियम पाठ होता. काठी दुखऱ्या बाजूला नव्हे तर विरुद्ध हातात धरायची, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पटवून द्यावे लागे. ‘‘पाय कसा शे आते, आबा?’’ असे विचारणारा प्रत्येक जण जाता जाता काठी दुसऱ्या हातात घ्यायला सांगूनच जाई.

श्रावणात घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसली. तिच्या प्रसादाचे रोट खायला भाऊबंद पंगतीत बसले, तेव्हा मी खुर्ची मागितली. सौभाग्यवतींनी ती आणली नाही. त्यांनी भिंतीशी पाच पाट एकावर एक रचले, वर गोधडीची घडी टाकली आणि ‘‘इथे बसा’’ एवढेच म्हणाल्या. पाय अर्धवट पुढे सोडून मी बसलो. माझे ताट इतरांच्या ताटांपेक्षा वीतभर उंच होते, पण पंगत तीच होती. तेव्हापासून दर पंधरवड्याला, मला न विचारता, एक पाट कमी होतो. मुलगी अंश मोजते, घरात पाट मोजले जातात, आणि दोन्ही हिशेब अजून जुळत आले आहेत.

सध्या मी दोन पाटांवर आहे. काल जेवायला बसताना गोधडीही दिसली नाही.